कोवळ्या हाडांचा वेग : पॅट कमिन्सची घडण

क्रिकेटमध्ये फलंदाजाची प्रतिभा कोवळ्या वयात प्रकट झाली, तर ती त्याच वयात वापरताही येते. सचिन तेंडुलकरने १९८९ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, कराचीत पहिली कसोटी खेळली आणि त्यानंतर तो चोवीस वर्षे खेळत राहिला. वेगवान गोलंदाजाचे तसे नाही. ताशी १४५ किलोमीटर वेगाने चेंडू टाकण्याचे कसब एखाद्या मुलाच्या अंगी सतराव्या-अठराव्या वर्षीच आलेले असू शकते, पण तो वेग दिवसभर पेलू शकतील अशी हाडे त्याच्या पाठीत तयार व्हायला आणखी पाच-सात वर्षे जावी लागतात. कौशल्य पुढे आणि शरीर मागे, अशा या अंतरात गेल्या अर्धशतकातील अनेक गुणी गोलंदाजांच्या कारकिर्दी सापडल्या. काही त्यातून बाहेर आल्या, काही तिथेच थांबल्या. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स याची कारकीर्द हा या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट दाखला आहे, कारण त्याने पहिली कसोटी खेळली तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि दुसरी कसोटी खेळायला उतरला तेव्हा २३ वर्षांचा झाला होता. मधली सुमारे सव्वापाच वर्षे, नेमके सांगायचे तर १९४६ दिवस, हा त्याच्या कारकिर्दीचा वाया गेलेला भाग आहे असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्याची पुढची सगळी उंची याच काळाच्या पायावर उभी आहे.

ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी

पॅट्रिक कमिन्सचा जन्म ८ मे १९९३ रोजी सिडनीच्या पश्चिमेकडील वेस्टमीड या उपनगरात झाला आणि त्याचे बालपण ब्लू माउंटन्स या डोंगररांगेच्या पायथ्याजवळच्या माउंट रिव्हरव्ह्यू या गावात, पाच भावंडांच्या घरात गेले. अगदी लहान असताना बहिणीने लावलेल्या दरवाज्यात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक तुटले. वेगवान गोलंदाज चेंडूच्या शिवणीच्या दोन बाजूंना तर्जनी आणि मधले बोट ठेवून चेंडू सोडतो, त्यामुळे ज्या हाताने पुढे शेकडो बळी मिळवायचे होते त्याच हातावर हा आघात झाला. पण त्याची तर्जनी आणि मधले बोट जवळजवळ सारख्या लांबीची झाली एवढेच, त्याच्या गोलंदाजीला त्यामुळे कोणतीही बाधा आली नाही.

सिडनीतील खेळाडू शाळा आणि गावच्या क्लबातून वर येतात ते शहरातील क्लबांच्या श्रेणीबद्ध स्पर्धेत. या स्पर्धेला तिथे ग्रेड क्रिकेट म्हणतात. मुंबईत कांगा लीगला जे स्थान आहे, साधारण तसेच स्थान तिला सिडनीत आहे. कमिन्स पेनरिथ या क्लबाकडून खेळला आणि २०१०-११ च्या मोसमात न्यू साउथ वेल्स राज्याच्या ट्वेंटी-२० संघात आला. त्याचा वेग पाहून निवड समितीने त्याच मोसमात त्याला शेफील्ड शील्डमध्येही उतरवले. शेफील्ड शील्ड ही ऑस्ट्रेलियातील सहा राज्यांची प्रथम श्रेणी स्पर्धा असून तिथल्या क्रिकेटमध्ये तिचे महत्त्व आपल्या रणजी करंडकासारखे आहे.

मार्च २०११ मध्ये होबार्ट येथे टास्मानियाविरुद्ध शील्डचा अंतिम सामना झाला, तेव्हा कमिन्सला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या एका सामन्यात त्याने ६५ षटके टाकली. कसलेला, भरल्या अंगाचा वेगवान गोलंदाज कसोटीच्या एका दिवसात साधारणपणे पंधरा ते वीस षटके टाकतो. त्या तुलनेत सतरा वर्षांच्या मुलाने काही दिवसांत ३९० चेंडू टाकणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी चेंडू टाकताना शरीरात काय घडते ते पाहावे लागते. मात्र त्याआधी याच मुलाने काय करून दाखवले, ते सांगणे क्रमप्राप्त आहे.

जोहान्सबर्गचे पाच दिवस

ऑक्टोबर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर कमिन्सने आधी ट्वेंटी-२० आणि मग एकदिवसीय सामन्यात पदार्पण केले व दोन्ही वेळा प्रत्येकी तीन बळी घेतले. कसोटी मालिकेतील पहिल्या सामन्यात केपटाऊनला ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव अवघ्या ४७ धावांत आटोपला होता आणि संघावर चहूबाजूंनी टीका होत होती. अशा वेळी १७ नोव्हेंबर रोजी जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर सुरू झालेल्या दुसऱ्या कसोटीत कमिन्सची निवड झाली. तेव्हा त्याचे वय १८ वर्षे १९३ दिवस होते आणि त्याच्या खात्यावर प्रथम श्रेणीचे केवळ तीन सामने होते. त्याच्याहून लहान वयात ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला एकच खेळाडू होता, १९५३ मध्ये पदार्पण करणारा इयान क्रेग.

समोर ग्रॅमी स्मिथ, हाशिम अमला, जॅक कॅलिस आणि एबी डिव्हिलियर्स यांची फळी होती. कमिन्सने दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेऊन ती फळी मोडली आणि ऑस्ट्रेलियापुढे ३१० धावांचे आव्हान राहिले. पाचव्या दिवशी सामना कोणत्याही बाजूला झुकू शकेल अशा क्षणी तो फलंदाजीला आला, १३ धावा काढून नाबाद राहिला आणि विजयी फटकाही त्यानेच मारला. ऑस्ट्रेलियाने दोन गडी राखून सामना जिंकला, मालिका बरोबरीत सुटली आणि सामनावीराचा मान कमिन्सला मिळाला. ऑस्ट्रेलियाला पुढच्या पंधरा वर्षांचा गोलंदाज सापडला, असेच त्या दिवशी सर्वांना वाटले असणार. ते खरेही ठरले, परंतु त्या पंधरा वर्षांपैकी पहिल्या पाचात तो एकही कसोटी खेळू शकला नाही. याच सामन्यात त्याच्या टाचेला दुखापत झाली आणि मायदेशातील भारताविरुद्धच्या मालिकेला तो मुकला.

पाठीत काय घडते

वेगवान गोलंदाज वीस-पंचवीस मीटर धावत येऊन गोळा केलेली गती क्रीझपाशी पुढचा पाय रोवून एकाएकी थोपवतो आणि त्या थोपवण्यातून निर्माण झालेली शक्ती धड, खांदा व मनगट यांच्याद्वारे चेंडूला देतो. पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा जमिनीकडून उलट येणारा दाब शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. त्याच क्षणी कंबर मागे कललेली, एका बाजूला वाकलेली आणि पिळलेली असते, त्यामुळे हा दाब कण्याच्या खालच्या भागात, विशेषतः कमरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांत एकवटतो. मणक्याच्या मागच्या कमानीत वरच्या आणि खालच्या सांध्यांना जोडणारा हाडाचा एक अरुंद पूल असतो. सर्वाधिक ताण येतो तो तिथे, आणि उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या बाबतीत बहुतेक वेळा त्या पुलाच्या डाव्या अंगाला.

एका आघाताने हे हाड मोडत नाही. हाड ही जिवंत पेशींची रचना आहे. ताण आला की तिचा झिजलेला भाग शोषला जातो आणि त्या जागी नवे, अधिक घट्ट हाड तयार होते. मात्र झीज लवकर होते आणि भरण सावकाश होते. भरण पूर्ण होण्याआधीच पुन्हा पुन्हा ताण आला, तर त्या जागी आधी सूज येते, मग केसासारखी बारीक चीर पडते. या चिरेला वैद्यकात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणामुळे झालेला अस्थिभंग, असे म्हणतात. एमआरआय तपासणीत चीर पडण्याआधीची सूज दिसू शकते आणि त्या टप्प्यावर गोलंदाजी थांबवली, तर पुढची हानी बरीचशी टळते. एकदा चीर पडली की मात्र काही महिन्यांची सक्तीची विश्रांती आणि त्यानंतर अत्यंत सावकाश वाढवत नेलेली गोलंदाजी, याला पर्याय राहत नाही.

यात वयाचा प्रश्न निर्णायक ठरतो. उंची वाढायची थांबली म्हणजे हाडे पक्की झाली, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. मुलाची उंची सतरा-अठराच्या सुमारास पूर्ण होते, पण कण्याच्या हाडांची घनता विशीतही वाढत राहते. म्हणजे अठरा वर्षांचा सहा फुटी गोलंदाज दिसायला पूर्ण पुरुष असतो, चेंडूही पुरुषाच्या वेगाने टाकतो, आणि त्याचा कणा अजून किशोराचा असतो. होबार्टची ६५ षटके आणि जोहान्सबर्गची कसोटी यांकडे या दृष्टीने पाहिले, तर पुढच्या वर्षांत जे घडले त्याचे आश्चर्य वाटत नाही. कोणत्या एका षटकाने हाड चिरले हे सांगता येत नसले, तरी भार आणि वय यांचे गणित चुकत होते हे उघड आहे.

१९४६ दिवस

टाचेची दुखापत बरी झाल्यावर २०१२ मध्ये कमिन्स मर्यादित षटकांचे सामने खेळला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर आढळले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघाबरोबर तो दक्षिण आफ्रिकेला गेला, तेव्हा तीच दुखापत उलटली. २०१५ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता, अंतिम सामन्यात मात्र नव्हता. त्याच वर्षी वेगवान गोलंदाज रायन हॅरिस निवृत्त झाल्यावर त्याला अ‍ॅशेस मालिकेसाठी इंग्लंडमध्ये संघात घेतले गेले, पण त्याला कसोटी खेळायला मिळाली नाही आणि दौरा संपता संपता पाठीने पुन्हा दगा दिला.

या काळात तो अधूनमधून ट्वेंटी-२० आणि एकदिवसीय सामन्यांत दिसत होता, त्यामुळे ‘हा चार षटके टाकू शकतो, तर कसोटी का खेळत नाही’ असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर हाडांच्या उपरोक्त गणितातच आहे. ट्वेंटी-२० सामन्यात गोलंदाजाला २४ चेंडू टाकायचे असतात, आणि कसोटीत एकाच दिवशी त्याच्या चार-पाच पट चेंडू टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे असते. चार षटकांची सवय असलेल्या शरीरावर अचानक वीस षटकांचा भार टाकणे सर्वांत धोकादायक असते, कारण हाडाला एकूण भारापेक्षाही भारातील आकस्मिक वाढ अधिक बाधते. म्हणूनच चार षटकांवरून दहा, दहावरून पंधरा अशी पायरी पायरीने चढण करावी लागते, आणि प्रत्येक नवी दुखापत गोलंदाजाला पहिल्या पायरीवर आणून सोडते.

कमिन्सने या सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग दोन प्रकारे केला. त्याने गोलंदाजीच्या शैलीत, पाठीवरचा पीळ कमी व्हावा या हेतूने, बदल केले. या कामी त्याला ऑस्ट्रेलियाचे माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांचे मार्गदर्शन लाभले. ही निवड अर्थपूर्ण होती, कारण १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात लिली यांच्याही पाठीचे हाड असेच चिरले होते, आणि शैली व शरीर दोन्ही नव्याने घडवून ते १९७४-७५ मध्ये परतले आणि १९८४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ३५५ बळींचा तत्कालीन जागतिक उच्चांक त्यांच्या नावावर होता. दुसरीकडे कमिन्सने सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात व्यवसायविषयक पदवीचा अभ्यास केला आणि ती पदवी मिळवली. खेळाव्यतिरिक्तही आपल्याला काही येते, ही जाणीव दुखापतग्रस्त तरुण खेळाडूला घाईने मैदानात परतण्याच्या मोहापासून दूर ठेवते, म्हणून या पदवीचे मोल त्याच्या गोलंदाजीच्या संदर्भातही कमी नाही.

या सगळ्या प्रयत्नांना फळ येईलच अशी खात्री कोणीही देऊ शकत नव्हते. न्यूझीलंडचा शेन बाँड हा जगातील उत्कृष्ट वेगवान गोलंदाजांपैकी एक असूनही पाठीच्या दुखण्यांमुळे १८ कसोटींपलीकडे जाऊ शकला नाही. कमिन्सचेही तसेच झाले असते, तर क्रिकेटच्या इतिहासात जोहान्सबर्गच्या त्या कसोटीची नोंद एक चुटपुट लावणारी आठवण म्हणून राहिली असती.

रांचीत पुनरागमन

२०१७ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला आणि पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर झालेली पहिली कसोटी त्याने ३३३ धावांनी जिंकली. बंगळुरूच्या दुसऱ्या कसोटीनंतर वेगवान गोलंदाज मिचेल स्टार्कच्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर आढळले आणि तो मायदेशी परतला. योगायोग असा की कमिन्स त्याच सुमारास शेफील्ड शील्डमध्ये सहा वर्षांनी परतला होता आणि त्या सामन्यात त्याने ८ बळी घेतले होते. केवळ एका प्रथम श्रेणी सामन्याच्या जोरावर त्याला भारतात बोलावणे हे धाडस होते, आणि ज्या घाईने तो एकदा मोडला होता तिचीच पुनरावृत्ती होत आहे अशी शंका घेण्यास जागा होती. पण या वेळी तो २३ वर्षांचा होता आणि मधल्या वर्षांत त्याचे हाड पक्के झाले होते.

१६ मार्च २०१७ रोजी रांचीची कसोटी सुरू झाली. भारताने २१० षटके फलंदाजी करून ९ बाद ६०३ धावा केल्या आणि चेतेश्वर पुजाराने ५२५ चेंडू खेळून २०२ धावा काढल्या. गोलंदाजाला काहीही मदत न करणाऱ्या त्या संथ खेळपट्टीवर कमिन्सने ३९ षटके टाकून ४ बळी मिळवले, त्यांत विराट कोहलीचाही बळी होता. सामना अनिर्णित राहिला. जोहान्सबर्गच्या सहा बळींपुढे हे चार बळी आकड्याने कमी भरतात; पण त्याची पाठ एका डावात ३९ षटकांचा भार सोसते, हे तिथे सिद्ध झाले. त्याच्या कारकिर्दीच्या दृष्टीने रांचीची कसोटी जोहान्सबर्गच्या कसोटीहून मोठी मानायला हवी.

पिकलेल्या वयातील फळ

यानंतरचा प्रवास सर्वपरिचित आहे. २०१७-१८ च्या अ‍ॅशेस मालिकेत तो पाचही कसोटी खेळला आणि २३ बळी घेऊन दोन्ही संघांतील सर्वाधिक यशस्वी गोलंदाज ठरला. २०१९ मध्ये तो कसोटी गोलंदाजांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला, तो ग्लेन मॅकग्राच्या नंतर तिथे जाणारा पहिलाच ऑस्ट्रेलियन होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्याने २९ बळी मिळवले. टप्प्याची अचूकता, त्या टप्प्यावरून मिळणारी अनपेक्षित उसळी आणि दिवसाच्या शेवटच्या सत्रातही न घटणारा वेग ही त्याची तीन शस्त्रे आहेत. त्यांपैकी तिसरे शस्त्र अठराव्या वर्षी त्याच्याकडे नव्हते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ऑस्ट्रेलियाचा कसोटी कर्णधार झाला. वेगवान गोलंदाजाकडे कर्णधारपद न सोपवण्याची त्या देशाची परंपरा इतकी पक्की होती की त्याआधी रे लिंडवॉल यांनी केवळ एका कसोटीत ही जबाबदारी सांभाळली होती आणि तो सामना १९५६ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला होता. कमिन्सच्या नेतृत्वाखाली २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने कसोटी अजिंक्यपद आणि एकदिवसीय विश्वचषक अशी दोन्ही विजेतेपदे भारताला हरवून मिळवली. त्या विश्वचषकात वानखेडे स्टेडियमवर अफगाणिस्तानविरुद्ध ग्लेन मॅक्सवेलने नाबाद २०१ धावांची खेळी केली, तेव्हा दुसऱ्या टोकाला ६८ चेंडूंत १२ धावा काढून कमिन्स चिवटपणे उभा होता. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात त्याने दहा षटकांत ३४ धावा देऊन दोन बळी घेतले आणि एकही चौकार-षटकार जाऊ दिला नाही. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २८ धावांत ६ बळी घेताना त्याने कसोटीतील ३०० बळींचा टप्पा गाठला.

या यशामुळे मूळ प्रश्न कायमचा सुटला असे मात्र झाले नाही. २०१८ मध्ये पाठीच्या हाडावर पुन्हा ताण आढळल्यामुळे त्याला काही महिने थांबावे लागले, आणि २०२५ मध्येही त्याच कारणाने अ‍ॅशेस मालिकेच्या पहिल्या कसोट्यांना तो मुकला. फरक इतकाच की आता ही चिन्हे वेळेवर ओळखली जातात आणि ती दिसताच गोलंदाजाला थांबवले जाते.

आपल्या मैदानांसाठी

भारतात या विषयाकडे पाहण्याची निकड आज अधिक आहे. डिसेंबर १९९३ मध्ये जन्मलेला जसप्रीत बुमराह हा कमिन्सच्याच वर्षाचा. त्याला कसोटीत जानेवारी २०१८ मध्ये, चोविसाव्या वर्षी, उतरवण्यात आले, तरीही त्याला पाठीच्या दुखापतीने ग्रासले आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. मयंक यादवने २०२४ च्या आयपीएलमध्ये ताशी १५६.७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्वाल्हेरला आंतरराष्ट्रीय पदार्पणाचे पहिलेच षटक निर्धाव टाकले, आणि त्यानंतर पाठीच्या दुखापतीने त्याला दीर्घकाळ मैदानाबाहेर ठेवले. वेग दिसला की त्या मुलाला लगेच वरच्या संघात खेचण्याचा मोह निवडकर्त्यांना, फ्रँचायझींना आणि प्रेक्षकांनाही होतो, आणि त्या मोहाची किंमत त्या मुलाची पाठ मोजते.

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात किशोरवयीन वेगवान गोलंदाजाने सलग किती षटके टाकावीत आणि दिवसभरात किती, याच्या मर्यादा वयोगटानुसार ठरवून दिलेल्या आहेत. आपल्याकडे एकच गुणी मुलगा शाळेच्या संघात, क्लबात, जिल्ह्याच्या वयोगटातील संघात आणि अकादमीच्या नेटमध्ये गोलंदाजी करतो. प्रत्येक ठिकाणचा प्रशिक्षक आपापल्या षटकांपुरता विचार करतो आणि एकूण चेंडू कोणीच मोजत नाही. हे मोजायला मोठी यंत्रणा लागत नाही. शिवाजी पार्कपासून कोल्हापूर-नागपूरच्या मैदानांपर्यंत ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा वेगवान गोलंदाज आहे, त्या घरातील पालकांनी एक साधी वही ठेवावी, सामना असो वा सराव, रोज टाकलेले चेंडू तीत लिहावेत, आठवड्याची बेरीज एकाएकी वाढू देऊ नये आणि मुलगा कमरेच्या खालच्या भागात एका बाजूला दुखते म्हणाला, तर त्या दिवशी चेंडू त्याच्या हातून काढून घेऊन त्याला डॉक्टरांकडे न्यावे.